नदीकाठचे दगड वाचणारे डॉ. सांकलिया



पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं की भोसरी लागते. दोन्ही अंगांना कारखाने, मालमोटारींची रांग, पुढे मोशी, इंद्रायणी ओलांडली की कुरुळी आणि मग चाकण. आज या वाटेवर जमिनीचा भाव गुंठ्यात बोलला जातो. पण १९४० च्या सुमारास याच भोसरीत एक तिशीतला प्राध्यापक रानात पडलेले मोठमोठे दगड बघत फिरत होता. अंगाने किरकोळ, बोलीने गुजराती. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात नुकताच रुजू झालेला. माणसांनी मुद्दाम मांडलेल्या त्या दगडांची त्याने पाहणी केली आणि पुण्याजवळच्या अशा महापाषाणी स्मारकांवर कॉलेजच्या बुलेटिनात टिपण छापलं. हे दगड अश्मयुगातले नव्हेत, पुष्कळ अलीकडचे. मृतांच्या आठवणीसाठी असे दगड मांडण्याची रीत लोखंड वापरात आल्यानंतरची. पण त्या प्राध्यापकाचा पुण्याच्या भुईशी परिचय झाला तो असा. त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया.

नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. पण आपल्या पानावर त्यांच्याबद्दल लिहायचं कारण वेगळं आहे. भोसरीत ते फिरले त्यानंतर १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, १९७० ला नगरपालिका आणि १९८२ ला महापालिका झाली. नव्वदीनंतर तेच चाकणला घडलं. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली ही नावं आता कारखान्यांच्या पत्त्यात वाचायला मिळतात. कारखाने आले, पोरांना काम मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बांधाखालची, ओढ्याकाठची माती एकदा जेसीबीने उचलली की तिच्यात काय होतं ते पुन्हा कुणाला कळत नाही. माळरानात, नदीच्या दरडीत काय असू शकतं हे या माणसाने आपल्याला दाखवून दिलं. म्हणून त्यांची ही हकीकत.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. घराणं मूळ गुजरातचं. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं, अगदी अशक्त मूल. जगेल अशी आशा फारशी कुणी धरली नव्हती. हेच मूल पुढे ऐंशी वर्षं जगलं आणि त्यातली निम्मी वर्षं उन्हातान्हात नद्यांचे काठ तुडवत राहिलं. पंधराएक वर्षांचे असताना लोकमान्य टिळकांचा वेदकालीन आर्यांच्या मूळ स्थानावरचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. सगळा कळला नाही, पण कळायला हवा असं वाटलं. त्यासाठी संस्कृत आणि गणित दोन्ही शिकायचं त्यांनी ठरवलं. टिळक ज्या डेक्कन कॉलेजात शिकले तिथेच पुढे आपलं आयुष्य जाणार आहे हे तेव्हा त्या पोराला काय ठाऊक!

मुंबईत सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली ते तयार झाले. एम.ए.साठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. मग लंडनला गेले आणि गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट मिळवली. पण खरी कमाई ग्रंथालयाबाहेरची होती. मॉर्टिमर व्हीलर हे तिकडचे नामांकित उत्खननतज्ज्ञ तेव्हा मेडन कॅसल नावाच्या जुन्या गढीचं उत्खनन करत होते, तिथे सांकलियांनी प्रत्यक्ष काम केलं. जमीन कशी कापायची, एका थराखालचा दुसरा थर कसा ओळखायचा, सापडलेली वस्तू कोणत्या थरातली हे लिहिल्याशिवाय ती का उचलायची नाही, हे ते तिथे शिकले.

इथे थोडं थांबू. थर ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. फळबाग लावण्याआधी आपण तीन-चार फूट खड्डा घेतो आणि बाजू बघतो. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम. मातीचा नमुना घेताना वरची आणि खालची माती एकत्र केली तर अहवाल निकामी होतो. पुरातत्त्वाचंही नेमकं तेच आहे. फरक एवढाच, की आपण जमिनीत पुढच्या हंगामाची सोय बघतो आणि ते लोक झालेले हंगाम मोजतात.

डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. सांकलिया त्याच वर्षी तिथे आले. इरावती कर्वेही त्याच वर्षी आल्या. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, सांकलियांनी साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारांचा शोध सुरू केला. त्याआधी तिथे रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा भूगर्भ खात्यातला अधिकारी फिरून गेला होता. हा तोच फूट, ज्याने १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला दगडाची हातकुऱ्हाड ओळखली आणि हिंदुस्थानातही अश्मयुग होतं हे पहिल्यांदा दाखवलं. पुढे गुजरातेत लांघणज इथे सांकलियांच्या उत्खननात बारीक गारगोट्यांच्या पात्यांबरोबर माणसांचे सांगाडे मिळाले, आणि त्या कामात इरावतीबाईही होत्या.

महाराष्ट्राबद्दल तेव्हा पंडितांचं मत काय होतं? तर इथला दगड काळा, बसाल्ट. तो हत्याराला धड नाही, झिजतो, कुजतो. इथे आदिमानव राहिला असेलच कशाला? मुंबईला कांदिवलीत टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याला तीसच्या दशकात हत्यारं मिळाली होती, पण घाटावरचं चित्र कोरंच होतं. सांकलियांनी नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठावर काळ्या दगडाची हत्यारं शोधली आणि १९५२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मग प्रवरा. प्रवरेने त्यांना जे दिलं ते दुसऱ्या कुठल्या नदीने क्वचितच दिलं असेल.

नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. सांकलिया १९५४ मध्ये तिथे गेले ते लाडमोड नावाचं जुन्या वस्तीचं टेकाड खणायला. टेकाडात वरून खाली मुसलमानी काळ, सातवाहन, त्याखाली तांब्या-दगडाच्या जमान्यातले शेतकरी, असे थर निघत गेले. पण माणूस टेकाडावर बसून राहणारा नव्हता. सहकाऱ्यांना घेऊन ते प्रवरेच्या दरडी बघत फिरू लागले. पावसाळ्यात नदी दरड कापते तेव्हा तिची बाजू भिंतीसारखी उघडी पडते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. तळाला गोट्यांचा जाड थर, चुनखडीने सिमेंटसारखा जमलेला, पहारसुद्धा चालत नाही असा. वर पिवळट गाळ. त्यावर पुन्हा बारीक गोट्या-वाळूचा थर. मग पुन्हा गाळ.

तळच्या गोट्यांत त्यांना काळ्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि रानबैलासारख्या जनावरांची दगड झालेली हाडंही. वरच्या बारीक गोट्यांत मात्र कुऱ्हाडी नाहीत. तिथे जांभळ्या, पिवळ्या, तांबड्या गारेच्या लहान तासण्या, कातडं घासायला आणि लाकूड तासायला लागतात तशा. म्हणजे एकच नदी, एकच दरड, पण माणूस मधल्या काळात दगडही बदलतो, हत्यारही बदलतो आणि बहुधा पोट भरायची रीतही बदलतो. हा मधला टप्पा थराच्या पुराव्यासह भारतात स्पष्टपणे मांडला गेला तो नेवाशामुळे. नगर जिल्ह्यातल्या एका नदीच्या दरडीने देशाच्या अश्मयुगाची मांडणी बदलली. या गोष्टीचं आपल्याकडे जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही, असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. दगड सापडला म्हणजे ठिकाण महत्त्वाचं, असं नसतं. सांकलिया आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं ठिकाण जोखायची कशी, ते समजून घ्या.

पहिली परीक्षा दगडाच्या धारेची. पुराने लोळवलेल्या दगडाच्या धारा बोथट होतात, तो गोटा होऊन जातो. असं हत्यार मैलोगणती वाहत आलेलं असू शकतं. त्यावरून माणूस या खोऱ्यात होता एवढं कळतं, नेमका कुठे होता ते कळत नाही. धारा तीक्ष्ण असतील तर हत्यार फारसं हललेलं नाही. दुसरी परीक्षा चुऱ्याची. सुताराचा कारखाना कुठे होता हे भुशावरून कळतं, तसंच. हत्यारं, अर्धवट राहिलेली हत्यारं, मधला गाभा आणि त्यावरून उडालेले बारीक छिलके, सगळं एकाच जागी असेल तर माणूस तिथे बसून दगड घडवत होता. अशी जागा लाखात एक. नेवाशाजवळच चिरकी नाल्यावर अशी जागा निघाली. गुद्रून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ मध्ये तिचं उत्खनन केलं. तिसरी गोष्ट थराची. हत्यार दरडीत रुतलेलं आहे की नांगरटीने वर आलेलं? रुतलेलं असेल तर त्या थराचं वय काढता येतं. आणि चौथी, आजूबाजूला न हललेली जमीन किती उरली आहे ती. कधी कधी सगळं उत्तम असतं आणि उरलेली जागा फक्त खळ्याएवढी असते. मग ती वाचवायची की घाईने खणून नोंद करायची, हे ठरवावं लागतं. सगळंच राखता येत नाही, आणि सगळंच राखायला कुणी मागतही नाही.

साधा दगड आणि घडवलेला दगड यांतला फरक ओळखायला डोळा लागतो. ट्रॅक्टरच्या फाळाने किंवा खडी टाकताना एखादा टवका उडतो, तो ताजा, काळाभोर दिसतो. जुन्या घडवलेल्या दगडावर दोन्ही बाजूंनी टवके काढलेले असतात, एकाशेजारी एक, कडेकडेने, आणि त्या सगळ्यांवर सारखाच जुनाट रंग चढलेला असतो. हातात धरलं तर एक बाजू तळव्यात नीट बसते. तरी फसायला होतं. या विषयात मुरलेले लोकही फसतात, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

सांकलियांची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे विद्यार्थी. एकेका विद्यार्थ्याला एकेक नदीचं खोरं किंवा जिल्हा नेमून द्यायचा, आणि त्याने ते गावोगाव, ओढ्याओढ्याने पायी फिरून नोंदवायचं. पीएचडी अशी मिळायची. आपली पीक पाहणी कशी गटवार होते, तसंच म्हणा ना. पुढे या पाहणीतूनच दख्खनचा नकाशा भरत गेला. शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी, म. के. ढवळीकर, नदीच्या गाळाचे जाणकार शरद राजगुरू ही सगळी त्याच कॉलेजात काम केलेली मंडळी.

संगमनेर तालुक्यातलं जोर्वे १९५०-५१ मध्ये खणलं आणि तिथल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून एका संस्कृतीलाच जोर्वे हे नाव मिळालं. आपल्या पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी चांडोलीला १९६० मध्ये उत्खनन झालं. आणि १९६८ पासून १९८३ पर्यंत शिरूर तालुक्यातलं इनामगाव. इथे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आलं. शंभरावर घरं, धान्याची पेवं, सातू हे मुख्य पीक, आणि पुराचं पाणी वळवायला खणलेला पाट. होय, पाट. तीन हजार वर्षांपूर्वीचा. पुढे पाऊसमान कमी झालं, गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा जनावरांवर जगू लागले, असं ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळी पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या गावांच्या टेकाडांना आपण पांढरी म्हणतो. राखेची, शेणाची, हाडांची ती माती खतासारखी लागू पडते, म्हणून पूर्वी गाड्या भरभरून पांढरी शेतात नेऊन टाकत. गावोगावची कितीतरी टेकाडं अशीच पिकांत गेली. त्यात कुणाचा दोष नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. पण पांढरी निदान डोळ्यांना दिसते, खापरं दिसतात. अश्मयुगाच्या जागेला टेकाड नसतं, खापर नसतं, भिंत नसते. ओढ्याच्या कडेला काही काळे दगड, बस्स. म्हणून तिचा नाश झाला तरी कुणाला हळहळ वाटत नाही.

सांकलियांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही, हेही सांगायला हवं. नर्मदेकाठच्या नावडातोलीत मिळालेल्या भांड्यांची घडण इराणकडच्या भांड्यांसारखी दिसली, म्हणून हे लोक पश्चिमेकडून आले असावेत असं ते मानत. पुढच्या अभ्यासकांनी ते उचलून धरलं नाही. नदीच्या गोट्यांतून वेचलेल्या हत्यारांवर जास्त भर दिला गेला, जागच्या जागी राहिलेल्या वस्त्या उशिरा शोधल्या गेल्या, अशीही टीका झाली. पण टीका करणाऱ्यांच्या हातात जो नकाशा होता तो काढला होता यांनीच. आणि शोधायची खोड मात्र वय झालं तरी गेली नाही. साठी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, काश्मिरात पहलगामला लिद्दर नदीच्या काठी त्यांना दगडी हत्यार मिळालं. काश्मीरचं अश्मयुग तिथून सुरू झालं.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं, १९७८ मध्ये आत्मचरित्र आलं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत आपल्याच जिल्ह्यात मोठी गोष्ट घडली. जुन्नर तालुक्यात बोरी इथे कुकडी नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्यासोबत दगडी हत्यारं मिळाली. आपल्याकडे अशी राख उडवणारा ज्वालामुखी त्या काळात नव्हता. सुमात्रा बेटावरच्या टोबाचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी स्फोट झाला, ती ही राख, असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात ती त्याहून कितीतरी जुनी, लाखो वर्षांची. वाद अजून आहे. पुढे बारामती तालुक्यात मोरगावला कऱ्हेच्या काठीही राख आणि हातकुऱ्हाडी मिळाल्या. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हत्यारांचं वय तर १५ लाख वर्षांच्या घरात निघालं. बोरी आणि मोरगाव जोखता आलं ते दरडी जागेवर होत्या म्हणून. वाळूसाठी, मुरमासाठी त्या आधीच तोडल्या असत्या तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. कांदिवलीत आज जाऊन बघा टॉडची जागा शोधता येते का.

आता मनातली शंका. दगड निघाला म्हणून सांगितलं तर सरकार जमीन घेईल काय? ही भीती खरी आहे, आणि बांधावर बसलं की पहिल्यांदा तीच निघते. कायदा काय म्हणतो ते बघा. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. नुसता दगड सापडला म्हणून कुठलीही जमीन आपोआप संरक्षित होत नाही. केंद्राला जागा संरक्षित करायची असेल तर आधी नोटीस काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. त्या कायद्याखाली शेतात शिरल्याने किंवा खणल्याने नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. एकदा केंद्राने संरक्षित केलं की २०१० च्या दुरुस्तीनुसार शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट येते, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक जागांची फक्त पाहणी होते, नोंद होते, नमुना घेतला जातो आणि शेतकरी पुढे पेरणी करतो. मात्र अशा जुन्या वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाहीत, हा १९७२ चा कायदा आहे.

चाकण, खेड, मावळ भागातल्या सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना (सरकारने पदांची नावं बदलली तरी गावात भाऊसाहेबच म्हणतात) एक विनंती. गावात मुरमाची खाण सुरू होते, शेततळं खणलं जातं, ओढा खोल-रुंद केला जातो, नदीची दरड ढासळते, तेव्हा एकदा त्या उघड्या बाजूकडे बघा. भामा, इंद्रायणी, पवना या नद्यांनीही गाळ साठवलेला आहे, गोट्यांचे थर त्यांच्या काठीही आहेत. संशय आला तर दगड उपसून घरी नेऊ नका, धुऊ नका, तेल लावून देव्हाऱ्यात ठेवू नका. शेजारी पट्टी किंवा विळा ठेवून जागेवरच फोटो काढा. गट नंबर, जमिनीपासून किती फूट खाली, वर कोणती माती आणि खाली कोणती, कोणत्या तारखेला दिसलं, एवढं कागदावर लिहा. तो कागद राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडे द्या. काम थांबवायचं की नाही हे ते बघून सांगतील. आणि येरवड्याला गेलातच तर कॉलेजच्या संग्रहालयात एक चक्कर मारा. आपल्या नदीकाठच्या दगडात आणि तिथे मांडलेल्या हत्यारात साम्य आहे की नाही, ते तुम्हालाच तिथे उभं राहून बघता येईल.